पाठमोरा कर्णा

म्हैसूरहून आले म्हटल्यावर बार्शीत जो तो एकच विचारतो, राजवाडा पाहिला का? नाही पाहिला. चामुंडीचा डोंगरही रस्त्यावरूनच पाहिला. मी गेले होते मुलगा बघायला. मुलगा पाहिला, आणि एक पक्षी पाहिला. पक्षी मात्र पाठीकडून. तरी आजवरच्या सगळ्या प्रवासांत हा प्रवास माझ्या जास्त लक्षात राहील, म्हणून लिहून काढते.

आधी माझं सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, आईला सही येत नव्हती. हे मी कुठंही सांगते, त्यात लपवायचं काय आहे? पुढं शाळेत शास्त्र शिकवलं, निवृत्त झाले. एकुलती एक लेक तेजश्री एम.टेक. झाली आणि नोकरीला म्हैसूरला गेली. आठवडाभर संगणक, रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं.

या तेजूनं लग्नासाठी बघण्याचे कार्यक्रम बंद करून टाकले होते. "पोह्यांची बशी घेऊन मी बाहेर येणार नाही," म्हणाली. मग ओळखीतून हे म्हैसूरचंच स्थळ आलं. मुलाचं नाव प्रताप, जुनं मराठी घराणं, बन्नीमंटपाजवळ दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान. शिक्षण डिप्लोमा. पदवी नाही. मी तिथंच नाक मुरडलं होतं. पण तेजूच म्हणाली, "मी कोडगूत, म्हणजे कूर्गला, कर्णा पक्षी बघायला चाललेय. त्यांना यायचं असेल तर येऊ देत. दोन दिवसांत काय कळायचं ते कळेल. आणि आई, हे शेवटचं. यात नाही झालं तर परत विषय काढायचा नाही."

मी कबूल केलं. काय करणार? आमच्या ह्यांचा गुडघा धरला होता, म्हणून एकटीच रेल्वेत बसले.

कुवेंपुनगर

तेजू राहते ते म्हैसूरचं कुवेंपुनगर म्हणजे आपल्याकडची नोकरदारांची कॉलनी, फक्त झाडं जास्त आणि आवाज कमी. सकाळी प्रत्येक फाटकासमोर सडा आणि रांगोळी. आपल्याकडं रांगोळी सणाची, इथं रोजची. तेजूच्या घरमालकीणबाई पाच-दहा मिनिटांत एवढी गुंतागुंतीची रांगोळी काढतात की पाय पडू नये म्हणून मी कडेकडेनं चालले, तर त्या "परवागिल्ला, परवागिल्ला" म्हणत हसल्या. चालेल, असा त्याचा अर्थ.

सकाळीच प्रताप आणि त्याची आई गाडी घेऊन आले. आईचं नाव सरोजाबाई, पण सगळे सरोजम्मा म्हणतात. अंगानं भरलेल्या, नाकात दोन्हीकडं चमक्या, वेणीत हातभर मोगरा. पायरीवरूनच म्हणाल्या, "काय अक्का, प्रवास आराम झाला का? मी तर म्हटलं, तलकाडला जाऊया. वाळूतली देवळं बघतील, नदी बघतील, मुलं स्वल्प बोलतील. हे पक्षी बघायचं मी कधी ऐकलंच नव्हे!"

"मीही नाही," मी म्हटलं.

"हौदा? मग आपण दोघी एक पार्टी."

त्यांची मराठी ऐकायला मोठी मजा येते. त्यांच्या सासरचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडे गेले, मराठी राहिली. तिच्यात कन्नड कधी मिसळलं ते त्यांनाही ठाऊक नाही. "हौदा" म्हणजे हो का, "स्वल्प" म्हणजे थोडं, "सुम्ने" म्हणजे उगीच. आणि एखादं काम उरकलं की त्या हात झटकून म्हणतात, "आयतु." झालं. कॉफी पिऊन झाली, आयतु. पिशव्या गाडीत ठेवून झाल्या, आयतु.

प्रताप उंच, सावळा, बोलायला कमी. मला वाकून नमस्कार केला आणि तेजूला नुसती मान हलवली. तेजूनंही मान हलवली. बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला तो असा.

हुणसूरच्या पुढं

मी मुद्दाम पुढं बसले. गाडी चालवणाऱ्या माणसाला उठून जाता येत नाही.

"इंजिनिअरिंगला गेला नाहीत?"

"गेलो होतो. डिप्लोमानंतर. गणितात दोनदा बसलो, दोनदा राहिलो. सोडलं."

"तिसऱ्यांदा बसायचं."

"तोपर्यंत अप्पा आजारी पडले होते, दुकान बघायला लागलो. मग दुकान आवडायला लागलं."

"आवडणं वेगळं आणि पदवी वेगळी," मी म्हटलं.

"खरं आहे," तो म्हणाला. एवढंच. उलटून बोलला नाही आणि ओशाळलाही नाही. मला जरा चुकल्यासारखं झालं. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडण मिळालं नाही की होतं तसं.

मागून सरोजम्मा म्हणाल्या, "अक्का, परीक्षा आत्ताच संपवू नका. दोन दिवस आहे."

तेजू खिडकीबाहेर बघत होती, पण आरशात मला तिचे ओठ दाबलेले दिसले. हसू होतं की राग, कळलं नाही.

हुणसूर गेलं की तंबाखूची शेतं आणि भट्ट्यांची उंच कौलारू घरं. तितिमतीच्या अलीकडं सागाचं जंगल लागतं. फेब्रुवारी संपत आल्यामुळं पानं गळून सगळं करड्या रंगाचं. आमच्या बालाघाटच्या डोंगरासारखं वाटलं, मी तसं म्हणालेसुद्धा. तेजू म्हणाली, "आई, कर्णा इथं नाही राहत. त्याला सावली लागते. बारा महिने पानं असलेलं रान लागतं, खाली दमट, वर गच्च. थोडं थांब."

आणि खरंच गोणिकोप्पल मागं पडलं तशी हवा बदलली. दोन्ही बाजूंना कॉफीच्या बागा, वर मोठमोठ्या झाडांचं छत, झाडांना मिऱ्यांचे वेल. अंगणाअंगणांत कॉफी आणि मिरी वाळत घातलेली. आपल्याकडं उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळतात, त्यात जशी राखण करायला कुणीतरी म्हातारी बसते, तशी इथंही बसलेली होती. माणसं सगळीकडं सारखीच असतात, वाळवण वेगळं.

देवाचं रान

विराजपेटच्या पुढं एका बागेतल्या घरात आमची सोय होती. घरच्या बाईंनी गरम कडंबुट्टू वाढले. तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, लाडवाएवढे, मऊ. बरोबर फणसाच्या बियांची आमटी. ते गोळे डुकराच्या मटणाबरोबर खातात असं कळल्यावर सरोजम्मांनी पदरानं तोंड झाकलं आणि बोटानं मला विचारलं, आपल्या वाटीत काय? मी चमच्यानं बी उचलून दाखवली. मग त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

बागेला लागूनच देवरकाडु आहे. आपल्याकडची देवराई तीच ही. देवाच्या नावानं राखलेलं रान, त्यातली काटकीही कुणी घरी नेत नाही. आणि इथंच कर्ण्याची गंमत आहे. तेजूनं समजावून सांगितलं ते शिक्षिकेच्या शिस्तीनं सांगते.

कर्णा आपलं घर मेलेल्या झाडात करतो. उभ्याउभ्या कुजलेला, हातानं भुगा होईल असा बुंधा त्याला लागतो. त्याची चोच आखूड आणि रुंद, सुतारपक्ष्यासारखी छिन्नी नव्हे. कडक लाकूड त्याला फुटत नाही. नर आणि मादी दोघं मिळून, आळीपाळीनं तो बुंधा कोरतात. अंडी दोघं उबवतात, पिलांना दोघं भरवतात, आणि पिलं उडायला लागली तरी पुढं कितीतरी दिवस दोघं त्यांच्या मागं असतात. माणसाच्या रानात मेलेलं झाड कुणी ठेवत नाही, सरपणाला जातं. देवाच्या रानात ते पडेपर्यंत उभं राहतं. म्हणून कर्णा इथं टिकला.

"म्हणजे कोरायचं काम बाईच्या एकटीच्या अंगावर नाही," सरोजम्मा म्हणाल्या आणि मुलाकडं बघितलं. प्रताप म्हणाला, "अम्मा, भांडी मीच घासतो ना." तेजू पहिल्यांदा खुदकन हसली.

दुपार कलल्यावर आम्ही रानात शिरलो. आत शिरताच उजेड हिरवा होतो. पायाखाली पानांचा जाड थर, वर कुठंतरी कोतवाल पक्ष्यांचा कलकलाट. कर्णा पुष्कळदा अशा मिसळलेल्या थव्यांच्या मागं असतो. बाकीचे धावपळ करून किडे उठवतात, हा शांत बसून उठलेला किडा झेपेत टिपतो. तेजूनं खुणेनं सांगितलं, बांगड्या. आम्ही दोघींनी बांगड्या कोपरापर्यंत चढवून वरून स्वेटरच्या बाह्या ओढल्या.

मग तो आवाज आला. गंभीर, घशातला, सावकाश. क्यू... क्यू... क्यू... ओरडणं नव्हे, कुणीतरी घरातून हळूच हाक मारावी तसा.

तेजूनं बोट केलं. मला काहीच दिसेना. "फांदी बघ, वेलाच्या डावीकडं. वाळकं पान लटकलंय तसा." आता दुर्बिणीचं सांगते. ती दुर्बीण तेजूनं पहिल्या पगारात घेतलेली आणि ती कुणाच्या हातात देत नाही. कंपनीतल्या मैत्रिणीला नाही, बापाला नाही. मलाही बघायचं तर पट्टा तिच्याच गळ्यात, मी तिच्या खांद्याशी गाल लावून वाकायचं. तशी वाकले आणि दिसला.

पाठ दिसली. मैनेपेक्षा थोडा मोठा, ताठ बसलेला, लांब शेपटी सरळ खाली ओळंब्यासारखी. पाठीचा रंग पिवळसर तपकिरी, कमी दुधाच्या कॉफीसारखा. डोकं काळं. पंखांवर काळ्या-पांढऱ्या रेघा इतक्या बारीक की इरकल लुगड्याच्या काठाची आठवण यावी. शेपटी मधे तांबूस, टोकाला काळी. हलत नव्हता. पान हलेल, हा हलणार नाही.

"पुढून लालभडक आहे," तेजू आम्हाला कुजबुजत म्हणाली. "छाती काळी, मग पांढरा गोफ, खाली सगळं पोट लाल. डोळ्याभोवती निळं कडं. पण संशय आला की तो पाठ फिरवून बसतो. लाल रंग झाकून टाकतो. रंग दिसलाच नाही तर शत्रूला कळणार काय?"

जवळच दुसरी फांदी हलली. तिथं मातकट, पोटाला फिकट पिवळसर असं काही बसलेलं होतं. ती मादी. पुढून मागून एकाच साधेपणाची.

आम्ही चौघं श्वास धरून उभे होतो. बराच वेळ गेला. नरानं मान वळवली. नुसती मान, काळं डोकं, निळी चोच. मग पाय सरकवले. अंग वळायला लागलं. पांढऱ्या गोफाची कड दिसली. आणि सरोजम्मांच्या पिशवीत मोबाईल वाजला.

साधासुधा नाही, नादस्वर आणि ढोल. देवळात आरतीला वाजतात तसे. नर "क्र्र्र" करून उडाला तो रानाच्या पोटात गेला, मादीही गेली. सरोजम्मांनी घाबरून बटण दाबायचं ते भलतंच दाबलं, आणि देवरकाडुभर त्यांच्या धाकट्या जावेचा आवाज घुमला, "काय ग सरोजक्का, मुलगी पसंत पडली का? रंग कसा आहे?"



तेजूनं दुर्बीण डब्यात घातली आणि पुढं चालायला लागली.

अंगणातली संध्याकाळ

घरी आल्यावर तेजू मला म्हणाली, "आई, उद्या सकाळी परत निघू." म्हटलं, "अगं, फोन आला, कुणालाही येतो." तर म्हणाली, "फोनचं नाही. रंग कसा आहे म्हणे. मी त्याच्यासाठी इथं आले का?"

 मी तरी वेगळं काय केलं होतं? तिच्या रंगाच्या जागी त्याची पदवी. फरक आहे, मी आजही म्हणेन मोठा फरक आहे, पण त्या घडीला मला तो मांडून सांगता येईना.

अंगणात मिरीच्या वाळवणाशेजारी सरोजम्मा बसल्या होत्या, मोगरा काढून ठेवलेला. प्रताप त्यांच्याजवळ उभा राहून कन्नडमध्ये काहीतरी हळू बोलत होता. मला बघून त्या मराठीत आल्या. "अक्का, ती जाऊ तशीच आहे. पण फोन माझाच नव्हे काय? मी बंद करायचा होता. अय्यो, तो एवढा वळत होता, पाहिलात तुम्ही."

"पाहिलं," मी म्हटलं.

तेवढ्यात तेजू बाहेर आली. प्रताप तिला म्हणाला, "उद्या मोबाईल सगळे गाडीत ठेवू. किती वाजता निघायचं?" जणू परत जायचा विषय त्याच्या कानावरच आला नव्हता. खरं तर आला असणार, भिंती कुठं जाड होत्या?

तेजूनं त्याच्याकडं पाहिलं. "उजाडताना," म्हणाली.

सरोजम्मा म्हणाल्या, "तेजश्री, एक सांगू? आमच्या घरी जुनी रीत होती. मुलगा-मुलगी पहिल्यांदा बोलायचे ना, तेव्हा मोठी माणसं खोली सोडायचे नाहीत. सोडली तर लोक बोलतील. मग काय करायचे, भिंतीकडं तोंड करून बसायचे. तिथंच बसायचे, पण पाठ करून. माझ्या वेळी माझे सासरे, मोठे मिशीवाले, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले होते." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "तो पक्षी आपल्या डोळ्यांना भितो, म्हणालीस. आठ डोळे फार झाले. उद्या आम्ही दोघी पाठ करून बसतो. चार कमी होतील."

मी दचकले. बार्शीहून आलेली मी. प्राणिशास्त्राची पदवीधर. पक्षी न बघता बसू?

तेजू माझ्याकडं बघत होती. प्रतापही. मिरी निवडणाऱ्या बागेच्या घरच्या बाईंना मराठी येत नव्हतं, तरी त्यासुद्धा.

"बसेन," मी म्हटलं. "पण कॅलेंडर लागेल."

दुसरी सकाळ

धुकं होतं. पानांवरून टपटप पाणी गळत होतं. तेजूनं कुजका बुंधा दाखवला. माझ्या खांद्याएवढा उंच, शेवाळलेला, एका बाजूला मुठीएवढं भोक कोरायला सुरुवात केलेली. खाली ताजा भुगा. मी लांबूनच पाहिला. मग एका आडव्या ओंडक्यावर आम्ही दोघी त्याच्याकडं पाठ करून बसलो. मुलं आमच्या मागं, थोडी लांब, एका झाडाला टेकून.

माझ्यासमोर काय होतं ते सांगते. एक फर्न. एक गोगलगाय. धुक्यातून तिरका आलेला उन्हाचा पट्टा. सरोजम्मांच्या कानामागची पांढरी बट. आयुष्यभर मुलांच्या वह्या डोळ्यांत तेल घालून तपासलेली बाई मी; पाठीमागं काहीतरी घडतंय आणि मला ते दिसत नाही, याची सवयच नाही.

क्यू.

सरोजम्मांनी माझा हात धरला. क्यू... क्यू. जवळ. फार जवळ. मग दुसरा आवाज, कुरतडल्यासारखा, बारीक. भुगा पडत असावा. मान आपोआप वळायला लागली तशी सरोजम्मांनी हात दाबला. मी गोगलगायीकडं बघत राहिले. ती फर्नच्या देठावर चढत होती. मी मनात म्हटलं, बाई, तू तरी नीट चढ.

मागं प्रताप काहीतरी बोलला, अगदी हळू. तेजू काहीतरी बोलली. मग परत तो. शब्द कळले नाहीत, कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. हे मी स्वतःच्या कौतुकानं सांगतेय.  

ऊन फर्नवरून सरकून माझ्या पायांपर्यंत आलं. पंखांची फडफड झाली. तेजूचा नेहमीचा आवाज आला, "आई, गेला. बघ आता."

आम्ही उठलो, वळलो. फांदी रिकामी. बुंध्यातलं भोक थोडं खोल झालेलं. झाडाला टेकून दोघं उभी होती, केसांत दवाचं पाणी, चेहरे लहान मुलांसारखे. "आई, पूर्ण लाल!" तेजू म्हणाली. "पूर्ण आमच्याकडं तोंड करून बसला होता. मग ती आली, मग याची पाळी संपली, मग तिनं कोरलं..." ती बोलतच होती. माझं लक्ष दुसरीकडं गेलं होतं.

दुर्बिणीचा पट्टा प्रतापच्या गळ्यात होता.

सरोजम्मांनी पण बघितलं. त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या, बांगड्या मनगटावर खळकन येऊ दिल्या, हात झटकले. "आयतु," म्हणाल्या.

बार्शी

लग्न दिवाळीनंतर आहे. पदवीचा विषय मी सोडलेला नाही. मुक्त विद्यापीठ असतं, वयाची अट नसते, हे जावयाला सांगून ठेवलंय. "बघतो, अत्ते," म्हणतो. अत्ते म्हणजे सासूबाई. दोन महिने बघतोच आहे.

शेजारच्या बायका विचारतात, तो पक्षी दिसतो तरी कसा? मी त्याच्या पाठीचं वर्णन करते. कॉफीचा रंग, बारीक रेघांचे पंख, ओळंब्यासारखी शेपटी. पोट लाल असतं म्हणतात. ते त्या दोघांना विचारा.